‘रिमेम्बरिंग्ज’ : शिनेड ओ'कॉनरचे आत्मकथन, तिच्याच आवाजात

बालवाडीत असताना अंगाची मुटकुळी करून सर्वांत लहान कोण होऊन दाखवतो, अशी एक स्पर्धा झाली आणि तिच्यात आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनरला बक्षीस मिळाले. ही आठवण ती आपल्या आत्मकथनात एखादी गंमत सांगावी तशी सांगते आणि जाता जाता एवढेच जोडते, की आपल्याला हे इतके छान कसे जमते ते बाईंना कधीच कळले नाही. घरी आईचा मार अंगाच्या जितक्या कमी भागावर बसेल तितका बरा, या हिशेबाने ती कला साधली होती. छापील पुस्तकात हे वाक्य वाचले तेव्हा मी पुढच्या वाक्याकडे सरकलो होतो. ऑडिओबुकमध्ये तेच वाक्य लेखिकेच्या स्वतःच्या आवाजात आले तेव्हा मात्र मला ऐकणे थांबवावे लागले, कारण तो आवाज तक्रार करत नव्हता आणि रडतही नव्हता, तो फक्त माहिती देत होता.

‘रिमेम्बरिंग्ज’ हे पुस्तक जून 2021 मध्ये प्रकाशित झाले आणि त्याचे अभिवाचन शिनेडने स्वतः केले आहे. ते घ्यायचे असल्यास छापील घ्यावे की श्राव्य, या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंदिग्धपणे श्राव्य असे आहे, आणि त्यामागे सोय हे कारण नाही. हे पुस्तक मुळातच बोललेले आहे. त्यातली प्रकरणे आखूड आहेत, वाक्ये बोलताना जशी मध्येच वळतात तशी वळतात, शिव्या मुक्तहस्ताने येतात, आणि गंभीर प्रसंगाच्या ऐन मध्यावर एखादा चावट विनोद टाकून ती मोकळी होते. कागदावर हा बाज काही वेळा विस्कळीत वाटतो. ऐकताना तोच बाज स्वाभाविक वाटतो, कारण आवाजातली मिस्कील झाक आधीच कळते आणि विनोद कुठे संपून दुखणे कुठे सुरू झाले हे उमगायला श्रोत्याला शब्दांवर अवलंबून राहावे लागत नाही.

अभिवाचन म्हटल्यावर नाट्यमय चढउतार, पात्रागणिक बदलणारे आवाज अशी काही अपेक्षा असेल तर ती बाजूला ठेवावी. व्यावसायिक अभिवाचकाची सफाई इथे नाही आणि ती नाही हेच बरे आहे. ज्या गळ्याने ‘ट्रॉय’सारख्या गाण्यात कुजबुजीपासून किंकाळीपर्यंतचे अंतर एका दमात कापले, तोच गळा इथे डब्लिनच्या हेलात, धूम्रपानाने जाडसर झालेल्या पोताने, शेजारी बसून बोलावे तसा बोलतो. एक फायदा अनपेक्षित होता. आयरिश नावे लिहिली जातात एक आणि उच्चारली जातात दुसरी, त्यामुळे छापील पुस्तक वाचताना दर पानावर अडखळायला होते. तिचे स्वतःचे नावच घ्या : इंग्रजीत ते ‘एस’ने सुरू होत असल्यामुळे मराठीत काही ठिकाणी ‘सिनेड’ असे लिहिलेले दिसते, पण आयरिश भाषेत या नावातला तो वर्ण ‘श’ असा उच्चारला जातो. ऑडिओबुक ऐकताना हे शंकासमाधान आपोआप होते. कृपया वेग वाढवून मात्र ऐकू नये, कारण दोन वाक्यांमधली थांबण्याची जागा हा या अभिवाचनाचा अर्धा ऐवज आहे.

शिनेडचा जन्म 8 डिसेंबर 1966 रोजी डब्लिनमध्ये झाला. वडील व्यवसायाने अभियंता होते आणि पुढे बॅरिस्टर झाले, तर थोरला भाऊ जोसेफ पुढे नामवंत कादंबरीकार झाला. आईवडील वेगळे झाले तेव्हा आयर्लंडच्या राज्यघटनेनेच घटस्फोटावर बंदी घातलेली होती. ही बंदी उठवण्याचा प्रस्ताव 1986 च्या सार्वमतात फेटाळला गेला आणि 1995 च्या सार्वमतात निसटत्या बहुमताने संमत झाला. अशा देशात वडिलांनी मुलांचा ताबा मिळवण्यासाठी न्यायालयात झगडावे आणि पुढे घटस्फोटाच्या हक्कासाठी चाललेल्या चळवळीचे नेतृत्व करावे, ही केवढी मोठी गोष्ट होती, हे पुस्तक पुरेसे सांगत नाही. माझी पहिली तक्रार इथेच आहे. आयर्लंडचा सामाजिक इतिहास वाचकाला ठाऊक आहे असे ती गृहीत धरते, आणि तो ठाऊक नसलेल्याला तिचा राग कधी कधी आकाशातून पडल्यासारखा वाटू शकतो. 

आईविषयीची प्रकरणे हा या आत्मकथनाचा गाभा आहे. मारहाण, उपासमार, मुलांना घराबाहेर बागेत राहायला लावणे आणि चोरी करायला शिकवणे, हे सगळे इथे आहे. धर्मादाय कामाच्या नावाखाली डबे घेऊन पैसे गोळा करायचे आणि ते घरी न्यायचे, हा त्या घरातला नित्याचा उद्योग होता. मात्र ही प्रकरणे ज्या सुरात वाचली आहेत तो सूर आरोपपत्राचा नाही. आई दुष्ट होती असे म्हणण्यापेक्षा आई आजारी होती असे म्हणण्याकडे तिचा कल आहे, आणि त्या बाईविषयीची ओढ आवाजातून लपत नाही. फेब्रुवारी 1985 मध्ये आई मोटार अपघातात गेली तेव्हा शिनेड अठरा वर्षांची होती. त्यानंतर ती भावंडांबरोबर आईच्या घरी गेली आणि आईच्या शयनकक्षाच्या भिंतीवरचा पोप जॉन पॉल दुसरे यांचा फोटो काढून स्वतःजवळ ठेवला. सप्टेंबर 1979 मध्ये पोप आयर्लंडच्या दौऱ्यावर आले होते तेव्हाचा तो फोटो होता. पुढची सात वर्षे, ती जिथे राहायला गेली तिथे, तो तिच्या सामानात होता. या फोटोकडे पुन्हा यायचे आहे.

पौगंडावस्थेत चोऱ्यांपायी तिला डब्लिनच्या ड्रमकॉन्ड्रा भागातील ‘अन ग्रिआनान’ या मुलींच्या केंद्रात सुमारे दीड वर्ष ठेवण्यात आले. एका मैफलीला जाताना घालायला हवेत म्हणून सोनेरी बूट उचलले, ते निमित्त झाले. ‘ग्रिआनान’ या आयरिश शब्दाचा अर्थ ऊन येणारी जागा असा होतो. हे केंद्र नन्सच्या ज्या आवारात होते, तिथेच ‘हाय पार्क’ची मॅग्डलीन लाँड्री होती. अविवाहित माता, ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या मुली, घरच्यांना नकोशा झालेल्या बायका यांना अशा लाँड्रीत कोंडून त्यांच्याकडून बिनपगारी कपडे धुऊन घेतले जात. शिनेड एकदा पळून गेली तेव्हा शिक्षा म्हणून तिला त्याच आवारातल्या रुग्णकक्षात, मरणाच्या वाटेवर असलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी झोपायला पाठवले गेले. त्या रात्रभर नर्सला हाका मारत होत्या आणि कोणी येत नव्हते. या बायका कोण, हे तिला त्या वेळी कोणी सांगितले नाही. आपण सुधारलो नाही तर आपलीही हीच गत होईल, एवढे मात्र तिला कळले. हा भाग तिने कसलाही जोर न देता वाचला आहे, आणि संपूर्ण ऑडिओबुकमधला तो सर्वांत कठीण भाग आहे. 1993 मध्ये त्याच हाय पार्कची जमीन विकली गेली, तेव्हा तिथल्या दफनभूमीतून 155 स्त्रियांचे अवशेष बाहेर काढण्यात आले आणि त्यांपैकी अनेकींच्या मृत्यूची धड नोंदही नव्हती. आयर्लंडच्या पंतप्रधानांनी या लाँड्र्यांबद्दल शासनाच्या वतीने माफी मागितली ती 2013 मध्ये.

त्याच केंद्रातल्या एका ननने तिला गिटार आणून दिली आणि संगीताचे धडे मिळावेत याची व्यवस्था केली. या ननचा उल्लेख ती निव्वळ मायेने करते. संस्थेवरचा राग आणि संस्थेतल्या माणसावरचे प्रेम अशी दोन्ही तिच्या मनात एकाच वेळी नांदत होती, आणि धर्माशी तिचे पुढचे सारे नाते याच गाठीतून उलगडत जाते.

1985 मध्ये लंडनच्या एन्साइन या लहानशा ध्वनिमुद्रण कंपनीशी तिचा करार झाला. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी तिला जेवायला नेले आणि केस वाढवावेत, आखूड स्कर्ट घालावेत, जरा मुलीसारखे दिसावे, असा सल्ला दिला. तिने थेट न्हाव्याचे दुकान गाठले. तो बिचारा कां कू करत होता, पण तिने डोके पार तासडून घेतले. हा किस्सा अनेकदा सांगितला गेला आहे आणि एरवी मी तो गाळला असता, परंतु इथे तो ज्या खट्याळपणे सांगितला आहे तो ऐकण्यासारखा आहे. त्यामागचा दुसरा धागा तिच्या बोलण्यातून कळतो : केस आणि सुंदर दिसणे यांचा संबंध तिच्या मनात संकटाशी जोडलेला होता, त्यामुळे ते बंड असण्याबरोबरच एक चिलखतही होते.

पहिल्या अल्बमच्या वेळी ती गरोदर राहिली. कंपनीने धाडलेल्या डॉक्टरने तिला सुनावले, की तुझ्यावर एक लाख पौंड खर्च झाले आहेत, तेव्हा हे मूल न होऊ देणे हे तुझे कर्तव्य आहे. तिने मूलही होऊ दिले आणि अल्बमही. आधी एका अनुभवी निर्मात्याकडून झालेले ध्वनिमुद्रण तिला पसंत पडले नाही, तेव्हा ते सगळे बाजूला सारून विशीतल्या त्या मुलीने निर्मितीची सूत्रे स्वतःच हातात घेतली. ‘द लायन अँड द कोब्रा’ नोव्हेंबर 1987 मध्ये आला. शीर्षक बायबलमधल्या 91 व्या स्तोत्रातून घेतलेले आहे. हे ऑडिओबुक ऐकण्यापूर्वी हा अल्बम एकदा नीट ऐकावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्यातले ‘ट्रॉय’ हे साडेसहा मिनिटांचे गाणे तंतुवाद्यांच्या साथीवर, ओठांतल्या ओठांत म्हणावे तसे सुरू होते, शब्द जवळजवळ गिळले जातात, आणि मग कोणतीही पूर्वसूचना न देता आवाज वरच्या पट्टीत जातो आणि तिथेच उभा राहतो. श्रोता हे प्रेमभंगाचे गाणे समजून ऐकतो. बागेत राहायला लावलेल्या आठ वर्षांच्या मुलीची गोष्ट कळल्यावर ते गाणे पुन्हा ऐकले, तर त्यातली बाग, पाऊस आणि घर यांचे अर्थ बदलतात.

‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ या गाण्याविषयी कोणाला नव्याने काही सांगायला नको. अमेरिकन पॉपस्टार प्रिन्सने ते ‘द फॅमिली’ या आपल्या पंखाखालच्या बँडसाठी लिहिले होते आणि 1985 मध्ये ते फारसे कोणाच्या कानी न पडता येऊन गेले होते. 1990 मध्ये शिनेडने गायलेले रूप अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत चार आठवडे आणि ते गाणे असलेला अल्बम सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. जॉन मेबरी यांनी दिग्दर्शित केलेल्या व्हिडिओत बहुतेक वेळ काळ्या पार्श्वभूमीवर तिचा चेहराच आहे आणि शेवटाकडे गालांवरून अश्रू ओघळतात. ते अश्रू ठरवून आणलेले नव्हते. आईने परसात लावलेली फुले सुकून गेल्याचा उल्लेख गाण्यात येतो, तिथे तिला स्वतःची आई आठवली आणि जे व्हायचे ते झाले. त्या ओळीनंतर ती क्षणभर मान खाली घालते, ते पाहताना आता मला परकेपणा वाटत नाही, आणि याचे श्रेय या पुस्तकाला आहे.

प्रिन्सच्या हॉलीवूडमधल्या घरी झालेल्या भेटीचे प्रकरण मात्र या ऑडिओबुकमधले सर्वांत अवघड प्रकरण आहे, आणि ते निराळ्या कारणाने. मुलाखतींतल्या शिवराळपणाबद्दल त्याने आपल्याला झापले, मग उशांची लढाई काढली आणि आपल्या उशीत काहीतरी टणक भरून ठेवले होते, असे तिचे म्हणणे आहे. ती हे भयकथेसारखे रंगवून सांगते, आणि ऐकताना अंगावर काटाही येतो. पण पुस्तक आले तेव्हा प्रिन्सला जाऊन पाच वर्षे झाली होती आणि दुसरी बाजू ऐकायला मिळण्याची शक्यता उरली नव्हती. तिच्या सांगण्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही, तरी एकाच साक्षीदारावर उभा राहिलेला हा प्रसंग इतक्या मिटक्या मारत सांगायला नको होता, असे मला वाटते.

आता तो फोटो. 3 ऑक्टोबर 1992 च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या थेट प्रक्षेपित होणाऱ्या कार्यक्रमात ती पांढरा लेसचा पोशाख घालून, शेजारी मेणबत्त्या लावून, कोणत्याही वाद्याशिवाय बॉब मार्लेचे ‘वॉर’ गायली. या गाण्याचे शब्द इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांनी 1963 मध्ये संयुक्त राष्ट्रांत केलेल्या भाषणातून आलेले आहेत. शिनेडने त्यात बालकांवरील अत्याचाराचा उल्लेख घातला. तालमीत तिने शेवटी एका मुलाचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला होता, त्यामुळे प्रत्यक्ष कार्यक्रमातही तसेच काही दिसेल असे नियंत्रण कक्षातल्यांना वाटले. तिने शेवटचा शब्द उच्चारताच पोपचा फोटो उंच धरला, त्याचे तुकडे केले, खऱ्या शत्रूशी लढा असे म्हणून ते कॅमेऱ्याच्या दिशेने भिरकावले आणि मेणबत्त्या विझवल्या. स्टुडिओत कोणी टाळी वाजवली नाही. ही चित्रफीत मी पूर्वी कित्येकदा पाहिली होती, आणि दर वेळी मला ती एका बंडखोर गायिकेने संस्थेवर केलेला हल्ला वाटली होती. तो फोटो आईच्या भिंतीवरचा होता, ही माहिती मला वाचून ठाऊक होती, पण ती कानांवर पडली तेव्हा कुठे पटली. त्या रात्री फाटले ते घरातले चित्र होते. फोटोची निवड करताना आपल्या मनात काय काय होते हे ती शांतपणे सांगते : आयर्लंडमध्ये बालकांवर होणारे आणि चर्चने दडपलेले अत्याचार, तरुणांवर आपले प्रेम असल्याचे पोपने तिच्या देशात येऊन सांगणे, आणि त्या फोटोखाली आईने केलेली मारहाण. तो योग्य क्षणी नष्ट करायचा हे तिने कधीच ठरवून टाकले होते.

त्यानंतर जे घडले ते सर्वश्रुत आहे. वाहिनीकडे तक्रारींचा पाऊस पडला, तिच्या तबकड्या रस्त्यावर ठेवून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवण्यात आला, आणि तेरा दिवसांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब डिलनच्या कारकिर्दीच्या तीस वर्षांनिमित्त झालेल्या मैफलीत ती मंचावर येताच हुर्यो उडवणे सुरू झाले. ती तिथे ‘आय बिलीव्ह इन यू’ हे गाणे गाणार होती. 1979 मध्ये थोरल्या भावामुळे घरात आलेल्या, तिच्या दृष्टीने आयुष्य बदलून टाकणाऱ्या डिलनच्या अल्बममधले हे गाणे. ते जवळजवळ कुजबुजत गायचे असल्यामुळे त्या गदारोळात ते शक्यच नव्हते. तिला मंचावरून उतरवण्यासाठी पाठवलेल्या गायक क्रिस क्रिस्टॉफरसनने उतरवण्याऐवजी कानात धीर दिला, आणि तिने वादकांना थांबवून ‘वॉर’च पुन्हा, यावेळी ओरडून, म्हटले. इथे अभिवाचनात एक बारीकशी गोष्ट लक्षात येते. हुर्यो उडवणाऱ्यांविषयी बोलताना तिचा आवाज निर्विकार राहतो, पण डिलनने स्वतः येऊन आपली बाजू घ्यायला हवी होती, हे सांगताना तो किंचित दुखावतो.

पुढे आयर्लंडमध्ये चर्चच्या छत्राखाली बालकांवर झालेल्या अत्याचारांचे चौकशी अहवाल एकामागून एक आले. फर्न्सच्या धर्मप्रांताचा अहवाल ऑक्टोबर 2005 मध्ये आला. सुमारे 2,600 पानांचा रायन अहवाल मे 2009 मध्ये आणि डब्लिनच्या धर्मप्रांताविषयीचा मर्फी अहवाल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला. मार्च 2010 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आयर्लंडच्या कॅथलिकांना पत्र लिहून खेद व्यक्त केला. तिचे म्हणणे खरे ठरायला सतरा वर्षे आणि हजारो पाने लागली. पुस्तकात ती याचा फार गवगवा करत नाही. तिचा दावा निराळाच आहे. फोटो फाडल्यामुळे आपली कारकीर्द उद्ध्वस्त झाली असे जग समजते, पण कारकीर्द रुळावरून घसरली ती पहिल्या क्रमांकावर गेलेल्या गाण्यामुळे आणि त्या फोटोने ती पुन्हा रुळावर आली, असे ती सांगते. आपण निषेधाची गाणी गाणारी बाई आहोत, पॉपस्टार ही कोणीतरी अंगावर चढवलेली झूल होती, असा तिचा युक्तिवाद आहे.

हा युक्तिवाद मला आवडतो आणि तरी तो पूर्ण पटत नाही. 1989 च्या ग्रॅमी सोहळ्यात तिने डोक्याच्या बाजूला ‘पब्लिक एनिमी’ या रॅप गटाचे चिन्ह रंगवून ‘मँडिंका’ गायले, कारण रॅपचा पुरस्कार दूरचित्रवाणीवर दाखवायला आयोजक तयार नव्हते. दोन वर्षांनी तिने स्वतःला मिळालेला ग्रॅमीच नाकारला. न्यू जर्सीतल्या मैफलीपूर्वी अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवू दिले नाही आणि गायक फ्रँक सिनात्राकडून धमकी ओढवून घेतली. म्हणजे तिचा स्वभाव फोटोच्या पुष्कळ आधी स्पष्ट होता आणि त्यासाठी रूळ बदलण्याची गरज नव्हती. किंमत मात्र पडली. ज्या दिवशी फोटो फाडला त्या दिवशी ती ‘अ‍ॅम आय नॉट युअर गर्ल?’ या जुन्या गाण्यांच्या नव्या अल्बमचा प्रचार करायला आलेली होती. तो अल्बम त्या गदारोळात वाहून गेला आणि पुढचे, कितीतरी सरस असलेले ‘युनिव्हर्सल मदर’ हे काम 1994 मध्ये आले तेव्हा पूर्वीचा श्रोतृवर्ग उरला नव्हता. मला काही वाटले नाही, असे ती पुनःपुन्हा सांगते. ते जितक्यांदा सांगते तितके मला शंका घ्यायला जागा मिळते.

पुस्तकाचा उत्तरार्ध विरळ आहे आणि खरेदी करणाऱ्याने हे जाणूनच तो ऐकायला घ्यावा. पूर्वार्ध लिहून झाल्यावर 2015 मध्ये तिच्या गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली, पाठोपाठ मानसिक आरोग्य ढासळले आणि वर्षानुवर्षे रुग्णालयात येणेजाणे चालू राहिले. मधली पुष्कळशी वर्षे आपल्याला आठवतच नाहीत, हे ती आरंभीच कबूल करते. त्यामुळे 1992 नंतरचा काळ सलग येत नाही. एकेका अल्बमवरची टिपणे, मुलांविषयीचे काही परिच्छेद, थोडे रुग्णालय, थोडा प्रवास असे तुकडे येतात. चरित्र म्हणून ही उणीव मोठी आहे. तारखा लावून बसणाऱ्या वाचकाची तर निराशाच होईल. तरीही आठवत नसलेल्या गोष्टी वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून भरून काढण्याचा मार्ग तिने पत्करला नाही, याचे मला बरे वाटले. 

मला खरी हळहळ वाटते ती संगीताबद्दल. 2002 मध्ये तिने ‘शॅन नोस नुआ’ या अल्बमात आयर्लंडची पारंपरिक गाणी गायली. डोनल लनी यांच्यासारखा त्या परंपरेचा जाणकार तिच्या सोबत होता. 2005 मध्ये ती जमैकातल्या किंग्स्टनला गेली आणि स्लाय डनबार व रॉबी शेक्सपिअर या जोडीला घेऊन ‘थ्रो डाउन युअर आर्म्स’ हा रेगे गाण्यांचा अल्बम करून आली. एका गळ्याने तीन वर्षांत इतके भिन्न दोन प्रांत पालथे घातले, त्यात दमसास कुठे वेगळा ठेवला, शब्द कुठे दाबले, परंपरेतले काय घेतले आणि काय सोडले, यावर तिनेच बोलायला हवे होते. ती दोन-चार वाक्यांत आटोपते. 1999 मध्ये कॅथलिक चर्चच्या मुख्य प्रवाहाबाहेरच्या एका बिशपकडून घेतलेली धर्मगुरूपदाची दीक्षा आणि 2018 मधला इस्लामचा स्वीकार यांवर ती थोडे अधिक बोलते आणि दोन्हींकडे एकाच शोधाचे टप्पे म्हणून पाहते. तिने शुहदा सदाकत हे नाव घेतले, पण गाताना आणि या पुस्तकावर जुनेच नाव ठेवले.

आज हे ऐकताना श्रोत्याला एक गोष्ट ठाऊक असते, जी वाचणारीला ठाऊक नव्हती. जानेवारी 2022 मध्ये तिचा सतरा वर्षांचा मुलगा शेन गेला. 26 जुलै 2023 रोजी लंडनमध्ये, वयाच्या 56 व्या वर्षी, तीही गेली. दमा आणि फुप्फुसांचा जुनाट विकार, त्यात श्वसनमार्गाचा संसर्ग, असे मृत्यूचे कारण नोंदवले गेले. 8 ऑगस्टला समुद्रकाठच्या ब्रे गावात तिच्या जुन्या घरावरून अंत्ययात्रा गेली, तेव्हा पुढे चाललेल्या फोक्सवॅगन गाडीतून बॉब मार्लेची गाणी लावली होती आणि रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक उभे होते. मुलांवरची प्रकरणे ऐकताना, विशेषतः शेनचे नाव ती हसत घेते तिथे, हे सारे आठवल्यावाचून राहत नाही. छापील पान अशा वेळी तटस्थ राहते. इथे मात्र बोलणारी व्यक्ती आणि आपण, दोघांमध्ये दोन वर्षांचे एक दार असते आणि त्याच्या पलीकडे काय आहे ते फक्त आपल्याला दिसत असते.

पुस्तकाच्या अखेरीस वडिलांना उद्देशून लिहिलेले एक पत्र आहे. जे झाले त्यात तुमचा दोष नाही, असे ती त्यांना सांगते. आदर्श कुटुंबात जन्मले असते तरी मी अशीच अवली निघाले असते, गाणारी माणसे असायचीच तशी, असे काहीसे म्हणते. आईविषयी बोलताना संपूर्ण पुस्तकभर जपलेले ते सपाट, माहिती देणारे बोलणे इथे सुटते आणि आवाज मऊ होतो. हा भाग मी लागोपाठ दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आले, की ती घाई करत नाही. शेवटचा परिच्छेद आहे हे तिला माहीत आहे आणि तरी ती वाक्ये लांबवत राहते.